रोझलिनच्या दफनभूमीतील कुंपणे

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर रोझलिन नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम हजाराची. गावाच्या कडेला, पाइनच्या झाडीत, सुमारे १५ एकरांवर दफनभूमी पसरली आहे आणि तेथे ५,००० च्या आसपास माणसे पुरलेली आहेत. जिवंतांहून मृतांची संख्या अधिक असणे ही जुन्या गावाची स्वाभाविक गत होय; त्यात नवल नाही. नवल आहे ते मांडणीचे. वास्तविक ही एक दफनभूमी नव्हेच. त्या १५ एकरांत एकमेकींना खेटून सुमारे २५ स्वतंत्र दफनभूमी आहेत आणि प्रत्येकीची हद्द निराळी आहे. एखाद्याची कबर शोधायची असेल, तर केवळ नाव ठाऊक असून भागत नाही. तो मनुष्य कोणत्या लॉजचा सभासद होता, हे आधी ठाऊक असावे लागते.

हा धागा त्या लॉजांविषयी आहे.

'लॉज' हा शब्द ऐकताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एसटी स्थानकासमोरची राहण्या-जेवण्याची सोय उभी राहते. येथे तो अर्थ नाही. मध्ययुगीन युरोपात मोठ्या चर्चच्या बांधकामालगत पाथरवट जी खोपटी उभारत, तिला लॉज म्हणत. हत्यारे तेथे ठेवायची, पावसात तेथेच दगड घडवायचे, व्यवसायाची गुपिते तेथेच नव्या हाताला द्यायची. पुढे फ्रीमेसन मंडळींनी तो शब्द उचलला आणि 'लॉज' म्हणजे दीक्षा घेतलेल्या बंधूंचे मंडळ, असा अर्थ रूढ झाला. मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन हॉल याच परंपरेतला.

फ्रीमेसन हे या मंडळांपैकी सर्वांत प्रसिद्ध, म्हणून अफवांचेही सर्वांत मोठे धनी. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत त्यांच्या नमुन्यावर असंख्य बंधुसंस्था निघाल्या. बाल्टिमोर येथे १८१९ साली ऑड फेलोज, राजधानी वॉशिंग्टन येथे १८६४ साली नाइट्स ऑफ पिथियस, शिवाय फॉरेस्टर्स, ईगल्स, मूस, रेड मेन. झगे, तलवारी, परवलीचे शब्द, विशिष्ट हस्तांदोलन असा सगळा थाट. यात जग जिंकण्याचे कारस्थान शोधणाऱ्यांची निराशा होईल, परंतु त्या परवलीच्या शब्दाचा एक साधा व्यावहारिक उपयोग होता. दूरच्या गावाहून आलेला अनोळखी मनुष्य दाराशी उभा राहून मदत मागू लागला, तर तो खरा सभासद की तोतया, हे ओळखायचे कसे? छायाचित्राचे ओळखपत्र नसलेल्या काळात गुपित हेच ओळखपत्र होते.

आता गावाकडे वळू.

रोझलिन वसले १८८६ मध्ये, कोळशासाठी. नॉर्दर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी आपला मार्ग कॅस्केड पर्वत ओलांडून प्रशांत महासागराच्या किनाऱ्याला नेत होती. स्टँपीड खिंडीतील तिचा बोगदा १८८८ मध्ये खुला झाला. चढावर इंजिनांना कोळसा लागत असे आणि तो रोझलिनच्या जमिनीत होता. ही भूमी याकामा आणि त्यांच्या सोबतच्या जमातींनी १८५५ च्या तहान्वये सोडून दिलेली होती. 'सोडून दिलेली' हा शब्द तहाचा, त्यामागची जबरदस्ती इतिहासाला ठाऊक आहे. कंपनीच्या उपसंस्थेने खाणी खोदल्या आणि माणसे आली. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमधील पिढीजात खाणकामगार, इटलीचे शेतकरी, क्रोएशियन, सर्ब, स्लोव्हाक, पोलिश, लिथुएनियन. दोन दशकांत त्या एवढ्याशा गावात दोन डझनांच्या आसपास राष्ट्रीयतांचे लोक नांदू लागले.

१० मे १८९२ रोजी खाणीत वायूचा स्फोट झाला आणि ४५ माणसे मेली. वॉशिंग्टन राज्याच्या इतिहासातील खाणीचा हा सर्वांत मोठा अपघात. पुढे ३ ऑक्टोबर १९०९ रोजी पुन्हा स्फोट झाला, त्यात १० जण गेले. तो रविवार होता व कामावर मोजकीच माणसे होती, म्हणून आकडा दहावर थांबला. हे झाले नोंदले गेलेले मोठे प्रसंग. खाणीतील बहुसंख्य मृत्यू मात्र असे समुदायाने येत नसत. छताचा एक तुकडा निसटतो, कोळशाची एक गाडी रुळावरून सुटते आणि एकच मनुष्य जातो. त्याची बातमी होत नाही. त्याच्या घरी मात्र दुसऱ्या दिवसापासून मजुरी बंद होते.

अशा वेळी विधवेने कंपनीवर दावा लावावा, असे आज वाटेल. तत्कालीन न्यायव्यवस्थेत मालकाच्या बचावाला तीन भक्कम ढाली होत्या. चूक सहकारी कामगाराची असेल, तर मालक जबाबदार नाही. मृताचा स्वतःचा किंचितही निष्काळजीपणा असेल, तरी मालक जबाबदार नाही. आणि धोका ठाऊक असूनही त्याने ते काम पत्करले होते, म्हणजे धोकाही पत्करलाच होता. खाणीतील कोणता मृत्यू या तीन जाळ्यांतून सुटेल? विमा कंपन्याही खाणकामगाराला सहसा दारात उभे करत नसत, आणि केलेच तर हप्ता त्याच्या आवाक्याबाहेरचा असे. वॉशिंग्टन राज्याने कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला तो १९११ साली. त्यापूर्वीची पंचवीस वर्षे रोझलिनच्या कामगाराला मरणाची तजवीज स्वतःच करावी लागली.

लॉज म्हणजे ती तजवीज.

तिचे गणित साधे होते. सभासद ठरावीक वर्गणी भरी. तो आजारी पडला वा जायबंदी झाला, तर त्याला दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळे. ती खैरात नव्हती. वर्गणी भरलेल्या माणसाचा तो हक्क होता, आणि हा भेद त्या काळच्या कामगाराला प्राणापलीकडे जपावासा वाटे. धर्मादाय संस्थेच्या दारात उभे राहणे म्हणजे मान खाली घालणे, लॉजकडून घेणे म्हणजे आपलेच परत घेणे. अनेक लॉज एखाद्या डॉक्टराशी वार्षिक करार करीत. दर सभासदामागे वर्षाला एक-दोन डॉलर, आणि त्या मोबदल्यात सर्वांवर उपचार. वैद्यकीय संघटनांना हा प्रकार मुळीच रुचला नाही. डॉक्टराने असे घाऊक भावात काम करणे व्यवसायाला लांछनास्पद आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि कालांतराने अशा डॉक्टरांवर बहिष्काराचे शस्त्रही उगारले गेले.

मृत्यूनंतरच्या रकमेची पद्धत त्याहून रोचक. पेनसिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे १८६८ साली जॉन जॉर्डन अपचर्च नावाच्या, रेल्वेच्या कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थाने एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन ही संस्था काढली. तिचा नियम असा की, एक सभासद वारला की उरलेल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि जमा झालेली रक्कम वारसांना पोचवायची. मराठी वाचकाने भिशी डोळ्यांपुढे आणावी. फरक इतकाच की येथे चिठ्ठी यमराज काढतो. संस्था तरुण असते तोवर ही व्यवस्था उत्तम चाले. सभासद म्हातारे होऊ लागले की मृत्यू वाढत, डॉलर वारंवार द्यावे लागत, त्यामुळे नवे तरुण येईनासे होत, म्हणजे उरलेल्यांवरचा भार आणखी वाढे. अनेक संस्था या एका हिशेबापायी बुडाल्या. पुढे वयोमानानुसार वर्गणी ठरू लागली तेव्हा कोठे गाडी रुळावर आली. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील दर तीन प्रौढ पुरुषांपैकी एक कोणत्या ना कोणत्या लॉजचा सभासद होता, असा एका इतिहासकाराचा अंदाज आहे.

आणि शेवटचे कलम अंत्यविधीचे. लॉजने जमीन घेऊन ठेवलेली असे. सभासद वारला की बंधू आपापली पदके व पट्टे घालून, वाद्यांच्या साथीने प्रेत नेत आणि आपल्या हद्दीत पुरत. घरापासून हजारो मैल दूर, ज्याचे आईबाप इटलीच्या वा क्रोएशियाच्या कोणत्या खेड्यात आहेत हे गावातील चार माणसांनाच ठाऊक, अशा मजुराला या आश्वासनाची किंमत काय वाटत असेल! बेवारस म्हणून आपण पुरले जाणार नाही. कोणीतरी नाव घेऊन, आपल्या भाषेत दोन शब्द बोलून माती लोटील. रोझलिनच्या कबरींवरील दगडांवर तीन कड्यांची साखळी, गवंड्याचा काटकोन व कंपास अशी चिन्हे कोरलेली दिसतात. ती जितकी श्रद्धेची, तितकीच पोचपावतीची आहेत. वर्गणी पूर्ण भरली होती.

येथवरची कथा ऐकून मन प्रसन्न व्हावे, अशीच आहे. अडचण पुढे सुरू होते, आणि ती याच हिशेबातून जन्माला येते.

ज्या निधीतून आजाऱ्याला आठवड्याचे पैसे मिळतात, त्या निधीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खोटा आजारी. म्हणून लॉजची भेट-समिती असे. तिचे सदस्य आजारी बंधूच्या घरी जात, विचारपूस करीत, रात्री उशाशी बसत. आणि तो खरोखर अंथरुणाला खिळला आहे ना, हेही पाहून येत. सांत्वन आणि चौकशी एकाच भेटीत उरकत असे. अशी देखरेख परक्यांमध्ये चालत नाही. त्यासाठी भाषा एक लागते, ओळखीपाळखी लागतात, कोणाच्या घरात काय शिजते हे ठाऊक असावे लागते. साहजिकच विश्वासाची हद्द ओळखीच्या हद्दीला येऊन मिळाली. क्रोएशियनांचे लॉज निराळे, स्लोव्हाकांचे निराळे, लिथुएनियनांचे निराळे. आणि जो येऊ नये त्याला रोखण्याची सोयही मंडळांच्या विधीतच होती. नव्या उमेदवारावर मतदान होई ते पेटीत गोळ्या टाकून. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कित्येक मंडळांत एक काळी गोळी पुरेशी असे, आणि ती कोणी टाकली हे विचारण्याची मुभा नसे.

रोझलिनच्या दफनभूमीतील नावे वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला मौज वाटते व पाठोपाठ अस्वस्थताही. क्रोएशियनांच्या एका लॉजचे नाव 'डॉ. स्टार्चेविच'. आन्ते स्टार्चेविच हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात क्रोएशियाच्या स्वातंत्र्याचा पुकारा करणारे राजकारणी; मायदेशी अस्तित्वात नसलेले राष्ट्र येथे कोळशाच्या गावात वर्गणीच्या वहीवर अवतरले होते. इटालियनांच्या एका लॉजचे नाव 'काच्चातोरी द'आफ्रिका', म्हणजे आफ्रिकेचे शिकारी. ते इटलीच्या वसाहतवादी फौजेतील पथकांचे नाव होते. मायदेशी ज्यांना पोटभर अन्न मिळाले नाही, अशांनी परदेशात आपल्या बंधुमंडळाला साम्राज्याच्या पथकाचे नाव द्यावे! आणि इम्प्रूव्हड ऑर्डर ऑफ रेड मेन या मंडळाची तऱ्हा तर अजब होती. सभासद स्वतःला अमेरिकेच्या मूलनिवासींच्या रूपात कल्पीत, शाखेला 'टोळी' म्हणत, सभास्थानाला 'विगवॅम', अध्यक्षाला 'सॅकेम'. परंतु खऱ्या मूलनिवासीला त्यात प्रवेश नव्हता. १९७४ पर्यंत हे मंडळ नियमानेच गोऱ्यांपुरते राहिले. याकामांच्या भूमीवर त्यांची सोंगे घेऊन मिरवणुका निघत आणि याकामा बाहेर उभे.

गावागणिक जातवार स्मशाने पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही कुंपणे फारशी परकी वाटणार नाहीत. मात्र समीकरण मांडण्याची घाई करू नये. रोझलिनमधील बहुतेक कुंपणे आतल्या लोकांनी स्वखुशीने घातली होती. क्रोएशियन मनुष्य मनात आणील तर ईगल्समध्येही जाऊ शके. ज्याला निवडीची मुभाच नव्हती, असा समूह एक होता.

१८८८ साली रोझलिनच्या कामगारांनी संप केला. नाइट्स ऑफ लेबर ही त्यांची संघटना. कंपनीने संप मोडण्यासाठी जेम्स शेपर्सन या कृष्णवर्णीय मुकादमामार्फत पूर्वेकडील व दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कामगारांची भरती केली. पहिली तुकडी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आगगाडीने, सशस्त्र पहारेकऱ्यांच्या संरक्षणात पोचली. आपल्याला संप मोडण्यासाठी नेले जात आहे याची त्यांच्यापैकी अनेकांना कल्पनाही नव्हती. गुलामी संपून अवघी तेवीस वर्षे झाली होती; कित्येक जण स्वतः गुलामीत जन्मलेले असणार. गोऱ्या कामगारांच्या संतापात भाकरीची चिंता किती आणि वर्णद्वेष किती, हे वेगळे काढणे कठीण आहे, दोन्ही होते. संप फसला, परंतु आलेले लोक परत गेले नाहीत. त्यांची कुटुंबे आली, घरे झाली. जमिनीखाली ते गोऱ्यांच्या शेजारी कोळसा खणू लागले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी युनायटेड माइन वर्कर्स ही संघटना गावात रुजली तेव्हा तिच्यात दोन्ही वर्णांचे कामगार होते. तिची घटना वर्णभेद मानत नव्हती.

लॉज मात्र मानत होते. जिवंतपणी एका कामगार संघटनेत असणारी माणसे मृत्यूनंतर एका कुंपणात येऊ शकत नव्हती. म्हणून कृष्णवर्णीयांनी आपली लॉज स्वतंत्र उभारली. त्यांच्या दफनभूमीचे नाव माउंट ऑलिव्हेट.

येथे थोडे मागे जावे लागेल, कारण ही 'स्वतंत्र लॉज' निर्माण होण्याची रीत शंभर वर्षे जुनी होती आणि तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत पोचतो.

बोस्टन शहरातील प्रिन्स हॉल या मुक्त कृष्णवर्णीय गृहस्थाला व त्याच्या सहकाऱ्यांना, परंपरेनुसार १७७५ साली, ब्रिटिश फौजेसोबतच्या एका लष्करी लॉजने फ्रीमेसनची दीक्षा दिली. अमेरिका स्वतंत्र झाली. समतेची घोषणा करणाऱ्या त्या नव्या देशातील गोऱ्या मेसनांनी त्यांना मान्यता नाकारली. तेव्हा प्रिन्स हॉलने थेट लंडनकडे अर्ज केला. १७८४ साली लंडनच्या ग्रँड लॉजने सनद दिली. ती बोस्टनला पोचायला १७८७ उजाडले. आजही कृष्णवर्णीय फ्रीमेसन स्वतःला 'प्रिन्स हॉल मेसन' म्हणवतात ते यामुळे. ऑड फेलोजचीही हीच कथा. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांना अमेरिकन ऑड फेलोजनी दार बंद केले, तेव्हा पीटर ऑग्डेन नावाचा खलाशी इंग्लंडहून १८४३ मध्ये सनद घेऊन आला.

त्याच १८४३ साली मुंबईत काय घडत होते? माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या युरोपियन फ्रीमेसनांनी प्रवेश नाकारला होता. त्यांनी युरोप गाठले आणि पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. तरीही मुंबईतील जुन्या मंडळींचे दार उघडेना. अखेर डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश गृहस्थाने भारतीयांना सामावून घेण्यासाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन केले. बोस्टन, न्यूयॉर्क, मुंबई. घराजवळचा बंधू दार लावतो आणि दूरचा बंधू सनद देतो, हा अनुभव तिन्हीकडे एकच. विश्वबंधुत्वाची कसोटी शेजारीच लागते. समुद्रापलीकडचा मनुष्य बंधू मानायला काही खर्च येत नाही.

ही जुनी सनद १८९७ साली वॉशिंग्टन राज्यात टेबलावर आली, आणि ती आणणाऱ्यांपैकी एक कोळशाच्या गावचा होता.

फ्रँकलिन हे रोझलिनसारखेच खाणीचे गाव, कॅस्केडच्या पश्चिमेला. तेथेही १८९१ साली संपाच्या धामधुमीत कृष्णवर्णीय कामगार आणले गेले. तेथेही २४ ऑगस्ट १८९४ रोजी खाणीत आग लागून ३७ माणसे मेली. या फ्रँकलिनचा गिडियन बेली आणि सिएटलचा वकील कॉन राइडआउट, असे दोन प्रिन्स हॉल मेसन. त्यांनी राज्याच्या गोऱ्या ग्रँड लॉजकडे अर्ज केला: आम्हांला मेसन म्हणून ओळख मिळण्याचा काही मार्ग असेल, तर तो सांगावा. अर्ज केराच्या टोपलीत जाणे हीच रीत होती. या वेळी तो एका समितीकडे गेला आणि त्या समितीत वालावालाचे न्यायाधीश विल्यम अप्टन होते.

अप्टननी प्रश्न न्यायाधीशाच्या पद्धतीने हाताळला. भावना बाजूला ठेवून त्यांनी कागद तपासले. १७८४ ची सनद खरी आहे काय? आहे. ती देण्याचा लंडनच्या ग्रँड लॉजला अधिकार होता काय? होता, अमेरिकेतील गोऱ्या लॉजांपैकी अनेकांची वंशावळही अशाच ब्रिटिश सनदांकडे जाते. मग एकाची सनद ग्राह्य आणि दुसऱ्याची अग्राह्य ठरवणारा नियम कोणता? असा नियम कागदावर कोठेही नव्हता. १८९८ साली समितीच्या अहवालावरून ग्रँड लॉजने प्रिन्स हॉल मेसनांच्या वैधतेला मान्यता दिली, आणि अप्टन त्या वर्षी राज्याचे ग्रँड मास्टर झाले.

अमेरिकेच्या मेसन-जगतात वादळ उठले. एकामागून एक राज्यांच्या ग्रँड लॉजनी वॉशिंग्टनशी संबंध तोडले. त्यात केवळ दक्षिणेचीच राज्ये होती, असे समजू नये. संबंध तुटणे याचा अर्थ एवढाच नव्हता की मेजवान्यांची निमंत्रणे बंद झाली. वॉशिंग्टनचा सभासद दुसऱ्या राज्यात गेला तर त्याची ओळख तेथे पटेनाशी झाली. आणि पश्चिमेकडील माणसे सतत गावे बदलणारी होती. वर्षभरात धीर सुटला. १८९९ साली ग्रँड लॉजने माघार घेऊन तो ठराव मागे घेतला.

अप्टननी माघार घेतली नाही. त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला, तो १९०२ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे नव्वद वर्षे हा वाद जेव्हा जेव्हा उकरला गेला, तेव्हा त्यातील पुरावेच पुढे करण्यात आले. १९०६ साली ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी एक अट लिहून ठेवली होती: कृष्णवर्णीय व गोरे मेसन बंधू म्हणून शेजारी उभे राहू शकतील तोवर आपल्या कबरीवर दगड उभारू नये. ज्या जगात लॉजचे चिन्ह कोरलेला दगड हीच वर्गणीदाराची अखेरची कमाई होती, त्या जगातील ग्रँड मास्टराने तो दगड नाकारला होता. वालावाला येथील त्यांची कबर तशीच राहिली.

दरम्यान रोझलिनची लॉज हळूहळू ओसरली. त्यांना कोणी पाडले नाही. १९११ च्या कायद्याने अपघाताची भरपाई राज्याकडे गेली, १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणाची थोडी तजवीज केली, विमा कंपन्या कामगाराच्या दारात येऊ लागल्या. रेल्वेने कोळसा सोडून तेलाची कास धरली. तरुण सिएटलकडे गेले. अखेरची खाण १९६३ साली बंद पडली. वर्गणीला अर्थ उरला नाही, म्हणून बंधुत्वही विरळ झाले, हे लॉजच्या टीकाकारांना सोयीचे वाटते. परंतु त्याच वर्गणीने चाळीस-पन्नास वर्षे विधवांच्या चुली पेटत्या ठेवल्या होत्या, याचा विसर पडू देऊ नये.

कृष्णवर्णीय कुटुंबेही पांगली. मोजकीच मागे राहिली, त्यांत क्रेव्हन कुटुंब होते. १९७५ साली रोझलिनने विल्यम क्रेव्हन यांना महापौर निवडले. वॉशिंग्टन राज्यातील ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. ज्या गावात त्यांच्या पूर्वजांच्या पिढीला बंदुकांच्या पहाऱ्यात उतरवावे लागले होते, तेथे हे मत पेटीत गोळ्या टाकून नव्हे, गावाच्या निवडणुकीत दिले गेले आणि बहुसंख्य मतदार गोरे होते.

फ्रीमेसनांना आणखी पंधरा वर्षे लागली. १९९० साली वॉशिंग्टनच्या ग्रँड लॉजने प्रिन्स हॉल मेसनांना मान्यता दिली. बेली आणि राइडआउट यांच्या अर्जाला तोवर ९३ वर्षे झाली होती. पुढल्या वर्षी जून महिन्यात दोन्ही मंडळांचे सभासद वालावालाच्या दफनभूमीत एकत्र आले आणि विल्यम अप्टन यांच्या कबरीवर दगड बसवण्यात आला.